हातांवरची दहा वाक्यं

मोहाडी,
४ सप्टेंबर २०२५

चि. जिजास आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता बरोबर होता, आत शुद्धलेखनाची नासाडी. पण नववीत शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या बाईकडून मी याहून वाईटाची तयारी ठेवली होती. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलास हे वाचून बरं वाटलं. तुझ्या लग्नाच्या वेळी मी तुझ्या बाबांशी भांडले होते, हे तुला ठाऊक नसेल. त्यांनी मला चहा पाजला आणि पोरीचं लग्न लावून दिलं.

आता एक गोष्ट एकदाच सांगते. इंग्रजी फोनवर शिकवा असं पुन्हा लिहू नकोस. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात माझा आवाज गेला. ज्या आवाजावर मी पस्तीस वर्षं वर्ग गप्प बसवले, तो आता नाही. आणि व्हॉट्सॲपवरही नको. परीक्षेत तुला उत्तरपत्रिका मिळणार आहे, मोबाईल नाही. हाताला लिहायची सवय लागू दे. टपाल आठ दिवस घेतं, तेवढ्यात शब्द पाठ होतात.

सुटे शब्द पाठ करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून एका चित्रावरून शिकवते. सोबत जुन्या कॅलेंडरचं पान आहे. ही मोनालिसा. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत एका बाईला समोर बसवून लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र. अशा एका माणसाच्या चित्राला पोर्ट्रेट म्हणतात. जग हिला बघायला रांगा लावतं. कपाळ म्हणजे फोरहेड, भुवई आयब्रो, हनुवटी चिन, मनगट रिस्ट, बाही स्लीव्ह, नख नेल, डोक्यावरची पातळ ओढणी व्हेल, आणि ज्याच्यासाठी सगळी गर्दी ते हसू, स्माइल. हे शब्द वापरून इंग्रजीत दहा वाक्यं लिहून पाठव. कोणाला विचारून लिहायची नाहीत.

विमलाबाई गजभिये


आसगाव, ता. पवनी,
१३ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाईंना जिजाचा नमस्कार.

तुमच्या आवाजाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. वाचून वाईट वाटलं. वर्गात तुम्ही माझं नाव घ्यायचात तो आवाज अजून कानात आहे.

चित्र मिळालं. सासूबाईंनी ते पाहून पहिला प्रश्न विचारला, "कोन मेली?" आमच्या घरी एकट्या माणसाचा एवढा मोठा फोटो मेल्यावरच करतात. अभ्यासाचं आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि निकाल दिला की हातात एक बांगडी नाही, गळा मोकळा, म्हणजे विधवा आहे. मलाही तेच वाटलं होतं.

घरचं विचारलंत तर सासूबाई आनंदाबाई, आमचे हे, नववीतली खुशी आणि मी. यांचा तलावातल्या मासळीचा धंदा. मासळी विकायला मी पवनीच्या बाजारात बसते, अभ्यास त्यातूनच होतो. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, तेही होते, ते तीन वर्षांपासून नाहीत.

दहा वाक्यं वेगळ्या कागदावर आहेत. थोडी इथेही लिहिते, म्हणजे कागद हरवला तरी तुम्ही रागावणार नाही. शी इज अ विडो. हर राइट हँड इज ऑन हर लेफ्ट रिस्ट. हर फिंगर्स आर सॉफ्ट. हर नेल्स आर क्लीन. शी डज नॉट कट फिश.

शेवटचं वाक्य कोणाला न विचारता लिहिलं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
जिजा पचारे


मोहाडी,
२२ सप्टेंबर २०२५

चि. जिजास,

दहापैकी चार.

वाक्यं शुद्ध आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. सात वाक्यं हातांची, एक बाहीचं, एक मासळीचं आणि एक साफ चुकीचं. ती विधवा नव्हती. नवरा कापडाचा व्यापारी होता आणि चांगला जिवंत होता. त्या मुलुखात बांगडीवरून बाई ओळखत नाहीत. आपण मनगट पाहिलं की बाईचं सगळं आयुष्य वाचून मोकळे होतो.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सगळं जग जिच्या हसण्यापायी येडं झालं, तिच्या तोंडावर तुझं एक वाक्य नाही. बाईला भुवया नाहीत, जिजा, आणि तुला ते दिसलं नाही. नख तेवढं दिसलं. काहून? पुढच्या पत्रात दहा वाक्यं फक्त तोंडावर हवीत.

तुझे भासरे वारले हे वाचून वाईट वाटलं. घरातला कर्ता माणूस गेला की काय होतं ते मी पाहिलं आहे. सासूबाईंना माझा निरोप सांग.

विमलाबाई


आसगाव,
८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाईंना नमस्कार.

उशीर झाला, माफी असावी. भासरे वारले नाहीत. हरवले आहेत. मीच अर्धवट लिहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते गावातल्या टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेले. तिथे आठ दिवस तापाने पडले, ताप डोक्यात चढला म्हणतात. परत येताना एका मोठ्या स्टेशनवर पाणी प्यायला उतरले आणि गाडी सुटली. तेव्हापासून पत्ता नाही. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. त्यांची वाट पाहायला आम्हीच चौघं.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका दवाखान्यातून निरोप आला की एक बेवारस माणूस आहे, भंडारा एवढंच बोलतो. सासूबाईंनी त्याला पाहताच छातीशी धरलं. दाढी वाढलेली, गाल बसलेले, यांनाही भाऊच वाटला. घरी आणला, न्हाऊ घातलं. पाचव्या दिवशी बपेरा गावाहून त्याची खरी माणसं आली आणि घेऊन गेली. सासूबाई तेव्हापासून अर्ध्या झाल्या. हे म्हणाले, "तोंड पाहून आता मी कोठंच जात नाही."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. आमच्यात भासऱ्यासमोर नाकापर्यंत पदर घ्यायचा. त्यांनी भावसुनेकडे पाहायचं नाही, तिनं त्यांच्याकडे पाहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाणी पाहिजे असलं आणि मी समोर तांब्या घेऊन उभी असले तरी ते खुशीला म्हणायचे, "तुया मायले सांग." खुशी व्हायच्या आधी भिंतीला सांगायचे. सतरा वर्षं मी त्यांना रोज दोन वेळा वाढलं. पदराखालून मला दिसायचे ते फक्त ताटाशी आलेले हात. माणसाच्या तोंडाकडे पाहायची सवय मोडली ती मोडलीच. बाजारातही मी गिऱ्हाईक हातावरून ओळखते. तुम्ही चित्र दिलं तर नजर आपोआप खाली गेली.

बाई, एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. तो नागपूरहून आणलेला माणूस आमचा नाही, हे मला पहिल्याच जेवणाला कळलं होतं. त्यानं ताट ओढलं तो हात दुसऱ्याचा होता. मी चार दिवस गप्प बसले. भावसून असं कसं म्हणेल? सासूबाई त्याला घास भरवत होत्या आणि मी पोळ्या लाटत होते.

आता तमिळनाडूतल्या एका आश्रमाचं पत्र पवनी ठाण्यात आलं आहे. पोलीस पाटील टिकारामभाऊ ते घेऊन आले. इंग्रजीत आहे. त्यांच्याकडे एक माणूस आहे, तो बोलत नाही, फक्त एकदा आसगाव म्हणाला. तिथल्या सिस्टरांना हिंदी येत नाही. घरच्यांनी माणसाची खूण इंग्रजीत लिहून कळवावी, जुळली तर न्यायला यावं, आणि महिन्या-दीड महिन्यात कोणी ओळखलं नाही तर त्याला दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवतील. सोबत फोटो आहे. डोकं भादरलेलं, तोंड सुजलेलं. सासूबाई म्हणतात हाच माझा मुरारी, पण त्या मागच्या वेळीही तेच म्हणाल्या होत्या. हे फोटो पाहतात आणि ठेवून देतात.

हातांच्या खुणा मला ठाऊक आहेत, शब्द नाहीत. तुम्ही दिलेले नेल आणि रिस्ट एवढेच. आणि मी हे घरात सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, तुले कसं मालूम? भावसुनेनं भासऱ्याचे हात इतके पाहिले याचा गावात काय अर्थ लावतील ते तुम्हाला सांगायला नको. मला भीती वाटते.

जिजा


मोहाडी,
१६ ऑक्टोबर २०२५

जिजा,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे.

तो पदर आधी चुलीत घाल. माणसाला माणूस पाहू देत नाही, ही कुठली रीत? एका घरात सतरा वर्षं राहून तुम्ही एकमेकांना ओळखत नाही आणि त्याला मर्यादा म्हणता. माझ्या आईनं दीक्षा घेतली तेव्हा असल्या पुष्कळ गोष्टी एका दिवसात सोडल्या, तिचं काही अडलं नाही. आणि तू चार दिवस गप्प बसलीस हे मला आवडलं नाही. हेही लिहून ठेवते.

आता शब्द. तळहात पाम, अंगठा थंब, करंगळी लिटल फिंगर, बोटाचा सांधा नकल. वाकलेलं बेंट, दुभंगलेलं स्प्लिट, जखमेची खूण स्कार, घासून पडलेली खाच ग्रूव्ह. सुतळी ट्वाइन, गाठ नॉट. जाळ्याला नेट म्हणतात हे तुला ठाऊकच असेल. डावा-उजवा लिहायला विसरू नकोस, सगळी ओळख त्यावर आहे.

मी पाच मिनिटांत झकास इंग्रजी लिहून देऊ शकते. देणार नाही. मी ते हात पाहिलेले नाहीत, आणि सिस्टरांनी पुढचं काही विचारलं तर उत्तर तुलाच द्यावं लागेल. वाक्यं छोटी ठेव. मोनालिसावर लिहिलीस तशीच.

नवऱ्याला आधी सांग. कागद पाठवल्यावर नाही.

विमलाबाई


आसगाव,
३० ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाईंना नमस्कार.

पदर चुलीत घातला नाही. रागावू नका. मला याच घरात राहायचं आहे, आणि सासूबाईंशी एका वेळी एकच भांडण मला झेपतं.

यांना सांगितलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डोंग्यात बसून जाळं काढत होतो. तिथे ऐकायला कोणी नसतं. मी आधी नागपूरच्या माणसाचं सांगितलं आणि मग हातांचं. यांनी वल्हं थांबवलं. मग तेच विचारलं ज्याची भीती होती.

"तुले कसं मालूम?"

"वाढत होती ना मी. दोन टाइम. पदरातून दुसरं काय दिसते?"

यांनी वल्हं उचललं आणि डोंगा काठाला लावला. दोन दिवस घरात माझ्याशी धड बोलले नाहीत. मी मंडईच्या गर्दीत मासळी विकली आणि मनात म्हटलं, झालं, आता यांचाही आधार गेला. तिसऱ्या दिवशी माझ्या वहीशेजारी येऊन बसले. "मले त्याचा अंगठा याद नाही येत. सख्खा भाऊ असून," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "लिव तू."

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बाईच्या जातीनं इतकं पाहू नये एवढंच म्हटलं. त्या माझ्या हातचं ताट घेत नाहीत, खुशीच्या हातचं घेतात. चालू द्या.

मी लिहिलं ते असं. हिज नेम इज मुरारी. बाई, हे नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं, तोंडानं अजून घेतलेलं नाही. द लिटल फिंगर ऑफ हिज लेफ्ट हँड इज बेंट. अ फिश डिड इट. माशाचा काटा रुतला होता, करंगळी पिकली आणि वाकडीच राहिली. द नेल ऑफ हिज राइट थंब इज स्प्लिट इन टू. देअर इज अ ग्रूव्ह ऑन हिज राइट फर्स्ट फिंगर, फ्रॉम नेट ट्वाइन. जाळं विणून विणून पडलेली खाच आहे ती. व्हेन हिज हँड्स आर एम्प्टी, ही टाइज नॉट्स. हात रिकामे असले की ते कशाच्याही गाठी मारत बसतात, धोतराच्या दशांच्यासुद्धा. असं सगळं मिळून नऊ वाक्यं झाली. दहावं असं लिहिलं. प्लीज डू नॉट लुक ॲट हिज फेस. लुक ॲट हिज हँड्स.

टिकारामभाऊंनी ठाण्यातून ते मेलवर पाठवलं. आता वाट पाहायची.

जिजा


मोहाडी,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. जिजास,

महिना होत आला, तुझं काही नाही. पोस्टमनला मी रोज खुणेनं विचारते, तो रोज मान हलवतो.

तुझ्या दहा वाक्यांत चुका दोन आहेत. त्या सांगणार नाही, कारण त्या दुरुस्त करून वाक्यं सुधारत नाहीत.

पदराबद्दल मी फार तावातावानं लिहिलं होतं. परवा दाराची घंटी वाजली तेव्हा मी आधी गळ्याला रुमाल बांधला, ऑपरेशनचं भोक झाकलं, आरशात पाहिलं आणि मग दार उघडलं. तोवर कुरियरवाला निघून गेला होता. हा रुमाल चुलीत घाल असं मला कोणी लिहिलं असतं तर त्याचं पत्र मी फाडलं असतं. एवढंच सांगायचं होतं.

वाईट बातमी असली तरी कळव. आणि अभ्यास थांबवू नकोस. परीक्षा फेब्रुवारीत आहे, ती कोणासाठी थांबत नाही.

विमलाबाई


आसगाव,
१५ डिसेंबर २०२५

आदरणीय बाईंना जिजाचा साष्टांग नमस्कार.

तोंडावरची दहा वाक्यं सोबत पाठवते, राहून गेली होती. बाईला भुवया नाहीत हे पहिलंच वाक्य आहे. आता मुद्द्याचं लिहिते.

चोवीस नोव्हेंबरला सिस्टरांनी टिकारामभाऊंच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आमच्या अंगणात निम्मं गाव जमलं. सिस्टरांनी आधी तोंड दाखवलं. कोणी म्हणे तोच, कोणी म्हणे नाही. सासूबाई रडायला लागल्या. यांनी फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, आणि शेवटी मान हलवली, काही सांगता येत नाही म्हणून. सिस्टर इंग्रजीत काही विचारत होत्या आणि सगळे एकमेकांकडे पाहत होते.

मी दारातच उभी होते. एवढ्या माणसांत मी पुढे गेले आणि यांच्या हातातून फोन घेतला. इंग्रजी मी आजवर मोठ्यानं बोललेच नव्हते. आवाज फाटला, पण बोलले. "सिस्टर, शो हँड्स."

त्यांनी कॅमेरा खाली नेला. बाई, ते चादरीचा काठ उसवून दोरे काढत होते आणि एकेका दोऱ्याला गाठ मारत होते. जाळ्याची गाठ. डावी करंगळी वाकडी. अंगठा दिसायच्या आतच मी यांना म्हटलं, "हेच हायेत. जा, घेऊन या." यांनी पुन्हा काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी हे आणि टिकारामभाऊ गाडीत बसले. तिथले कागदपत्र व्हायला आठ दिवस लागले, नऊ तारखेला घरी आले. बातमी पक्की होऊन माणूस दारात उभा राहीपर्यंत तुम्हाला लिहायची माझी हिंमत झाली नाही. मागच्या वेळी आम्ही फार लवकर पेढे वाटले होते.

घरी आले, पण ओळख कोणाची नाही. भाऊ म्हणून यांच्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी तोंडावरून हात फिरवला तर त्यांनी मान वळवली. ओसरीवर बसवलं तिथे बसून राहिले. शेजारीपाजारी येऊन आपापली नावं सांगून गेले. मला आत बसल्या बसल्या धडकी भरली, की मी पुन्हा परका माणूस घरात आणला की काय. या वेळी तर माझ्याच सांगण्यावरून आणला होता.

जेवायची वेळ झाली. सासूबाई स्वतः चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आज पदर नोको घेऊ. त्याले तोंड दाखव, याद येईल." सतरा वर्षं ज्यांनी माझा पदर बोटभर वर सरकू दिला नाही, त्या हे म्हणत होत्या. मला त्यांची फार दया आली. पण माझं तोंड भासऱ्यांनी कधी पाहिलेलंच नाही, तर त्यांना त्यातून काय आठवणार? मी पदर नेहमीसारखा नाकापर्यंत ओढला आणि ताट घेऊन बाहेर गेले.

ताट ठेवलं. माझ्या उजव्या मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके आहेत आणि त्याखाली तेलानं भाजल्याचा डाग. तुमच्या शब्दात स्कार. ताट ठेवून मी हात मागे घेतला नाही, तांब्या सरळ करायच्या निमित्तानं तिथेच राहू दिला. ते त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी ताट ओढलं, भात कालवला आणि दोन घास खाल्ले.

तिसरा घास हातात धरून, माझ्याकडे न पाहता, जमिनीकडे पाहून ते म्हणाले, "खुशे, तुया मायले सांग, भाजीत मीठ नाही."

सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. यांनी तोंड फिरवून गमछा डोळ्यांना लावला. खुशी माझ्याकडे पाहत उभी राहिली, निरोप द्यायचा की नाही ते तिला कळेना. मग तिनं दिला, "माय, भाजीत मीठ नाही."

खरंच नव्हतं. मी आत जाऊन मीठ आणलं.

तुमची विद्यार्थिनी,
जिजा